लातूरहून उठून सर्फिंगच्या गावी राहायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 28, राहणार लातूर, नोकरी कायमची घरून, घरी थोडी शेती. कर्नाटकात मंगळुरूजवळ समुद्रकाठी मुल्की आहे, तिथं सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर घसरत येण्याचा खेळ, चालतो. तिथं चार दिवस राहून आल्यापासून डोक्यातून समुद्र जात नाही. तर तिथं राहायला जाण्याचे फायदे-तोटे काय आणि घरच्यांना काय सांगावं?

मीही लातूरचाच. ऑक्टोबर 2017 पासून तीन वर्षं मुल्कीत राहिलो. फायदे-तोट्यांचा तक्ता काही मला मांडता येणार नाही. घरच्यांचं मात्र चांगलं ठाऊक आहे.

आधी पाण्याची भीती घालतो, म्हणजे बरं. आपण विहिरीत शिकलेली माणसं. पाठीला रिकामा डबा बांधून काकानं ढकलून दिलं, की आपल्याला वाटतं आता पोहता येतं. सर्फिंग शिकायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्या पोराची नजर चुकवून मी शांभवी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला सरकलो. तिथं लाटा कमी दिसल्या म्हणून. लाटा कमी दिसतात तिथंच बऱ्याचदा पाणी आत ओढत असतं, हे मला कोण सांगणार? मी किनाऱ्याकडं तोंड करून हात मारतोय आणि नारळाची झाडं बारीक होत चाललीत. त्या पोरानं लांबून हात आडवा हलवला: सरळ येऊ नको, किनाऱ्याच्या कडेकडेनं ये. फळी दोरीनं पायाला बांधलेली होती म्हणून वाचलो. वाळूवर आल्यावर तो एक शब्द बोलला नाही. नुसती फळी धुवायला दिली.

बाकी सर्फिंगचं एवढं कौतुक नको. आठ-नऊ फुटी फोमची फळी घ्या, पंधरा दिवसांत उभं राहता येतं. तेवढ्यासाठी बिऱ्हाड हलवायची गरज नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लाटा लहान, शिकणाऱ्याच्या कामाच्या. मेअखेरीला त्या चांगल्याच उठतात. मुल्कीजवळच्या ससिहित्लूला त्या सुमारास सर्फिंगच्या स्पर्धा झाल्यात, पण तेव्हा आपण काठावर बसून बघायचं. जून ते सप्टेंबर शिकाऊ माणसानं समुद्रात पाय घालायचा नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांनासुद्धा मासेमारीबंदी असते, मग तुम्ही कोण? पाऊस वर्षाला 3,500 मिलिमीटरच्या वर आणि त्यातला बहुतेक त्याच चार महिन्यांत. आपल्याकडं 800 झाला की आपण पेढे वाटतो. पहिले आठ दिवस पाऊस बघत चहा पिता येतो. मग कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, लॅपटॉपची बिजागरी गंजते, चादर चार दिवस दोरीवर ओलीच लोंबते आणि ऐन मीटिंगमध्ये वीज जाते.

जेवणाचं म्हणाल तर उकड्या तांदळाचा भात सवयीनं आवडायला लागतो, बांगडा तर पहिल्या दिवसापासून. पण ज्वारी मिळत नाही. मी घरून पीठ नेलं, महिन्यात ते जुनं झालं आणि भाकरी फाटायला लागली. मग ज्वारीच नेली. तिथला गिरणीवाला तांदळावरच दळून द्यायचा. पुढं नाद सोडला.

आता मुद्द्याचं. 2016 चा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, आणि ती बघायला जत्रा लोटलेली. आमच्या गल्लीत टँकर आला की मी आणि थोरला भाऊ घागरी घेऊन पळायचो. एकदा रांगेत धक्काबुक्की झाली, घागर फुटली आणि मी रागानं बोलून गेलो, "जिथं पाणी संपत नाही तिथं जाऊन राहतो." दादानं ते वाक्य सातबाऱ्यासारखं जपून ठेवलं.

मुल्कीला निघालो तेव्हा त्यानं तेच काढलं. "जा, समुद्र पिऊन राहा."

मे 2019 मध्ये दादा पहिल्यांदा माझ्याकडं आला. सोलापूर, हुबळी, घाट उतरून अंकोला, असा एसट्या बदलत, अंग आंबवून. सामान खोलीत टाकलं आणि तसाच वाळूवर गेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बोट बुडवून जिभेला लावलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एवढं पाणी, अन् रांग नाही." त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नासला. घरमालकाची विहीर मचूळ झाली होती. नदीच्या मुखाजवळच्या विहिरींचं असंच असतं. उन्हाळ्यात नदीचा जोर संपतो, भरतीचं पाणी आत चढतं आणि जमिनीतून खारं पाझरतं. त्या वर्षी पाऊसही लांबला, मंगळुरूतसुद्धा पाणीकपात चाललेली. दहा वाजता आमच्या गल्लीत टँकर आला. मी कळशी शोधेपर्यंत दादा बाहेर पडलेला. मालकाचा निळा पिंप त्यानं स्वतः ढकलत नेला, पाइप नीट आत सोडला, मागच्या बायकांना खुणेनं एका ओळीत उभं केलं. त्याला तुळू येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण टँकरची भाषा एकच. त्या बाया त्याला हसून जागा देत होत्या. परत आला तो घामानं निथळत, आणि म्हणाला, "समुद्र शेजारी, अन् नंबर टँकरला! काय करलालास रे तू इथं?"

तेव्हापासून लातूर तालुक्यात असं लग्न झालं नाही, जिथं पंगतीत त्यानं हे सांगितलं नसेल. धाकटा पाण्यासाठी पळाला आणि पाण्यानं त्याला गाठलं.

पंगतीत तो हे सांगत नाही की शेतातली तिसरी बोअर माझ्या तिथल्या पगारातून झाली. पहिल्या दोन कोरड्या गेल्या, त्यांचेही पैसे मीच दिले. मी परत आलो ते वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून, टँकरला भिऊन नाही. आणि घर सोडून राहिलो म्हणजे घर टाकलं, हे मला आजही मान्य नाही. तुमच्याही घरी कुणीतरी 'पळाला' म्हणणार आहे. त्याला समजवत बसू नका, दर महिन्याला पैसे पाठवा. आणि काहीही झालं तरी जाताना वाटणी मागू नका. वाटणी मागून गेलेल्याला परत येता येत नाही.

आता थोडं हातचं राखून बोलतो. मी तेव्हा सडाफटिंग होतो, शाळा-दवाखाना कधी बघावा लागला नाही. भाडी आता माझ्या वेळची नसणार. रोज सकाळी फळी घेऊन जाईन असं वाटतं, पण तिसऱ्या महिन्यानंतर माझी फळी आठवड्यातून दोनदाच भिजायची. तरी त्या दोन सकाळी मला अजून आठवतात, हेही खोटं नाही.

तर आधी फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी राहून बघा, आणि कायमचं ठरवायच्या आधी एक जुलै तिथं काढा. खोली बघताना मे महिन्यात विहीर गोड राहते का, हे मालकाला विचारू नका, तो हो म्हणणारच. शेजारच्या बाईला विचारा. तुळू येत नसेल तर विहिरीकडं बोट दाखवून "नीर?" एवढं म्हटलं तरी पुरतं. तिनं तोंड वाकडं केलं की पुढची खोली बघा.