गोव्याच्या वाटेवर रेंगाळायचं तर भोगव्याला, पण आधी तिथी बघा

ठाण्याहून सॅक घेऊन गोव्याकडे निघायचं आणि वाटेत चार-पाच दिवस गर्दी नसलेल्या किनाऱ्यावर काढायचे, तर कुठे आणि कधी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत भोगव्याला. वेंगुर्ले तालुका, कर्ली नदीच्या मुखाशी. पलीकडच्या काठावर देवबाग. तारकर्लीइतकी वर्दळ इथे नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा.

तुतारी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, पनवेललाही. ती दादरहून रात्री 12 वाजून गेल्यावर सुटते, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं तर आरक्षण शनिवारच्या तारखेचं हवं. यात बरेच जण फसतात. कुडाळला उतरून रोख रक्कम काढून घ्या, रेंज गेली की यूपीआय बंद. पुढे परुळेमार्गे एसटी किंवा रिक्षा.

आता तिथीचं. दोन तास फिरायला येणाऱ्याला भरती-ओहोटी नाही कळली तरी चालतं, मुक्कामाला आलेल्याचा दिवसच तिच्यावर ठरतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार. हा मुंबई-ठाण्याचा अंदाज. मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण तासभर आधी धरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे.

अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. मुक्काम या दिवसांत बसवा. तंबू लावणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. वाळूवर काटक्या-शिंपल्यांची जी रेघ दिसते ती आदल्या भरतीची. दशमीला त्या रेघेच्या जरा वर तंबू ठोकून निर्धास्त झालात तर पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत येणार, कारण तोवर रेघ रोज वर सरकत असते. सुरूच्या बनात, जागेच्या मालकाला विचारून लावा. माडाखाली मुळीच नको, झावळ्या आणि नारळ पडतात. खरं तर गावात घरगुती निवास घेणंच उत्तम.

पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना आणि संगमापासून लांब. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे धावतं, तिथे चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा न फुटणारा, गढूळ दिसला तर तिथे आत ओढ आहे. सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा, सरळ किनाऱ्याकडे झुंजत बसू नका.

सॅक 7-8 किलोच्या आत ठेवा. जीन्स नको, दमट हवेत वाळत नाही. कपडे गोड्या पाण्यातून काढा, नाहीतर मिठाने मांड्या सोलवटतात. जेवण आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे सकाळी होडी लागली की घरचे मासे घेऊन ठेवतात. काही घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, तेही विचारा.

गोव्याकडचं तिकीट आधी काढू नका, म्हणजे एखादा दिवस वाढवता येतो. कुडाळहून पुढे दिवसा गाड्या मिळतात. ठाण्याला परतायचं आरक्षण मात्र 60 दिवस आधी उघडतं तेव्हाच करा. तत्काळ वातानुकूलितसाठी सकाळी 10 ला आणि स्लीपरसाठी 11 ला सुरू होतं, आणि नेमकी त्या मिनिटाला किनाऱ्यावर रेंज असेलच असं नाही.