पाठीमागची बंदूक आणि समोरचा शत्रू

गेल्या अंकात या सदरात दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात झालेल्या स्टालिनग्राडच्या लढाईचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून बरीच पत्रे आली, आणि ज्या पंचक्रोशीत घरटी एक फौजी सापडतो तिथून ती यावीत यात नवल नाही. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कमांडर पुढे असतो आणि जवान त्याच्या मागून धावतो, असे आम्हांला सेंटरमध्ये शिकवले. रशियन सैन्यात मात्र जवानांच्या पाठीशी मशीनगन लावून त्यांना पुढे ढकलीत, असे सिनेमात पाहिले. मग त्यांच्या लढण्याला शौर्य म्हणायचे का? — एक माजी सैनिक, उचगाव

उत्तर : सुभेदारसाहेब, आपण सिनेमात पाहिलेत त्याला आधार आहे, पण तो सिनेमात दिसतो तेवढा सरळ नाही. २८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने २२७ क्रमांकाचा हुकूम काढला. ‘एक पाऊलही मागे नाही’ या शब्दांनी तो ओळखला जातो. जर्मन फौजा तेव्हा डॉन नदी ओलांडून व्होल्गा आणि कॉकेशसकडे निघाल्या होत्या, आणि देशाचा मोठा सुपीक व औद्योगिक प्रदेश हातचा गेला असल्याची कबुली त्या हुकुमातच दिली होती. परवानगीशिवाय माघार घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दंड-बटालियन आणि साध्या शिपायांसाठी दंड-कंपन्या काढाव्यात, तसेच प्रत्येक आर्मीने डळमळीत डिव्हिजनांच्या पिछाडीस तीन ते पाच अडवणूक-तुकड्या ठेवाव्यात, अशा त्यातील तरतुदी होत्या.

या तुकड्यांनी प्रत्यक्षात काय केले, याचा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा स्वतःचाच अहवाल उपलब्ध आहे. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या अडीच महिन्यांत त्यांनी १,४०,७५५ जणांना अडवले. त्यांपैकी १,१८९ जणांना गोळ्या घातल्या, सुमारे तीन हजारांना दंड-तुकड्यांत पाठवले आणि १,३१,०९४ जणांना त्यांच्या पलटणींकडे किंवा भरती-ठाण्यांकडे परत धाडले. अहवाल पोलिसांचा असल्यामुळे तो थोडा राखूनच वाचावा. तरीही या आकड्यांतून जे चित्र उभे राहते ते पाठीत गोळ्या झाडण्याचे नसून, पिछाडीच्या रस्त्यावर नाके बांधून पांगलेल्या माणसांना पुन्हा आघाडीवर हाकलण्याचे आहे. म्हणून व्यवस्था दयाळू होती असे मुळीच नाही. युद्धाच्या चार वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक माणसे दंड-तुकड्यांतून गेली, आणि सोव्हिएत लष्करी न्यायालयांनी आपल्याच माणसांना दिलेल्या मृत्युदंडांची संख्या पाहिली तर ब्रिटिश किंवा अमेरिकन सैन्य त्याच्या जवळपासही येत नाही.

पण एक गोष्ट आपणच अनुभवाने पारखून पाहावी. मागच्या बंदुकीच्या धाकाने माणूस खंदकात बसून राहील. शत्रूच्या हातातील घर एकेक खोली करून घ्यायचे झाले, तर तो धाक किती पुरेल? १२ सप्टेंबर १९४२ रोजी स्टालिनग्राड लढवणाऱ्या ६२ व्या आर्मीची सूत्रे हाती घेतलेल्या चुइकोवने जर्मन विमानांचा उपद्रव टाळण्यासाठी युक्ती काढली ती अशी, की आपली फळी शत्रूला इतकी भिडवून ठेवायची की बॉम्ब टाकताना वैमानिकाला आपल्याच माणसांची भीती वाटावी. त्यासाठी त्याने मोठ्या फळ्या मोडून हातबॉम्ब, सबमशीनगन आणि फावडी घेतलेली लहान हल्ला-पथके उभी केली. धुराने भरलेल्या जिन्यावर अशा पथकाला हुकूम देणारा एखादा सार्जंट किंवा लेफ्टनंटच असे. तिथे कोणती अडवणूक-तुकडी पोहोचणार? व्होल्गाकाठचे ‘पावलोवचे घर’ याच पद्धतीने सुमारे दोन महिने लढवले गेले. नाव सार्जंट पावलोवचे झाले, त्याला पदकही मिळाले. पण बहुतेक काळ त्या घराची सूत्रे लेफ्टनंट अफानासेव्ह याच्याकडे होती, हे आपल्यासारख्या नायब सुभेदाराच्या हुद्द्यावरून वर आलेल्या माणसाने ध्यानात ठेवावे असे आहे. पदक कोणाकडे जाते आणि काम कोण करतो, यावर अधिक बोलायला नको.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी आपल्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित ठेवून आले आणि मग परत जाऊन त्यांनी मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. त्यांच्या पाठीशी काय होते, असे आपण कधी विचारत नाही. रशियन शिपायाबाबत मात्र पहिला प्रश्न तोच निघतो.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या एका विद्यार्थिनीने मॉस्कोच्या वेशीवर रणगाडे अडवून धारातीर्थी पडलेल्या २८ पानफिलोव वीरांची गोष्ट निवडली आहे. ती खरी नाही असे कोणीतरी सांगितल्याने ती हिरमुसली आहे. तिला काय सांगावे? — एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, ज्याने सांगितले त्याने खरे तेच सांगितले, पण अर्धवट सांगितले.

१६ नोव्हेंबर १९४१ रोजी दुबोसेकोवो या रेल्वेथांब्याजवळ जनरल पानफिलोवच्या डिव्हिजनमधील २८ जणांनी अनेक रणगाडे निकामी केले आणि सर्वच्या सर्व मारले गेले, ही हकीकत सैन्याच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या दैनिकाने छापली. ‘रशिया विशाल आहे, पण मागे सरायला जागा नाही, मागे मॉस्को आहे’ हे राजकीय अधिकारी क्लोचकोवच्या तोंडचे वाक्य तर पुढे रशियन मुलांच्या तोंडी बसले. मात्र १९४७ मध्ये त्या ‘मृत’ अठ्ठाविसांपैकी दोब्रोबाबिन नावाचा इसम जिवंत सापडला, आणि तोही जर्मनांच्या पोलिसांत चाकरी करून आलेला. लष्करी अभियोजकांनी चौकशी केली तेव्हा आणखीही काही जण हयात असल्याचे उघड झाले, आणि क्लोचकोवचे वाक्य आपण रचल्याचे पत्रकाराने कबूल केले. १९४८ चा हा अहवाल दडपून ठेवला गेला आणि रशियाच्या शासकीय अभिलेखागाराने तो २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

आता उरलेला अर्धा भाग, जो माझ्या मते तुमच्या विद्यार्थिनीने व्यासपीठावर सांगावा. त्या २८ जणांच्या रेजिमेंटचा प्रमुख कर्नल काप्रोव याने चौकशीत स्पष्ट सांगितले, की २८ जणांची अशी काही लढाई झालीच नाही. त्या दिवशी चौथी कंपनी खरोखर शौर्याने लढली, आणि तिच्यातले मेले ते २८ नव्हेत, शंभराहून अधिक. म्हणजे बातमीदाराने फुगवण्याच्या नादात प्रत्यक्षात आकडा घटवला आणि सत्तरएक माणसांची नावे पुसून टाकली. बनावट गोष्टीचा मला राग येतो तो यासाठी.

खुद्द मेजर जनरल पानफिलोव हा पुरुष गोष्टीपेक्षा मोठा होता. कझाकस्तानातील अल्मा-अता येथे उभारलेली त्याची ३१६ वी डिव्हिजन कझाक, किर्गीझ आणि रशियन शेतकरी-कामगारांची होती. बहुतेकांनी त्याआधी लढाई पाहिलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये वोलोकोलाम्स्कसमोर तिला सुमारे ४० किलोमीटरची आघाडी सांभाळावी लागली. एवढ्या रुंदीवर सलग खंदक धरणे अशक्य आहे हे ओळखून त्याने रस्ते आणि फाटे यांवर लहान तुकड्या एकामागे एक बसवल्या, वाट रोखायची, मागच्या ठाण्यावर यायचे आणि पुन्हा रोखायचे असा क्रम घातला. शिपाई त्याला ‘बात्या’, म्हणजे बाबा, म्हणत. १८ नोव्हेंबरला गुसेनेवो गावात तोफगोळ्याच्या कपच्याने तो मारला गेला.

प्रश्न : स्टालिनसमोर खरे बोलण्याचे धैर्य कोणा सेनापतीत होते का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खानापूर

उत्तर : होते, पण फारच थोड्यांत. सर्वांत बोलका दाखला रोकोसोव्स्कीचा आहे. १९३७ मध्ये खोट्या आरोपांखाली त्याला अटक झाली, तुरुंगात मारहाण झाली, दात पाडले गेले. मार्च १९४० मध्ये सुटका झाली. असा माणूस पुढे आयुष्यभर मान डोलावत राहिला असता तर त्याला दोष देणे अवघड होते. मे १९४४ मध्ये बेलारूसवरील चढाईची आखणी चालू असताना त्याने तिथल्या बोब्रुइस्क शहरावर एक नव्हे, दोन बाजूंनी सारख्याच ताकदीने घाव घालण्याचा आग्रह धरला. त्याच्या आठवणींनुसार स्टालिनने त्याला शेजारच्या खोलीत जाऊन नीट विचार करून यायला सांगितले, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा तो तेच म्हणणे घेऊन बाहेर आला. अखेर ते मान्य झाले. दलदलीतून लाकडी ओंडक्यांच्या वाटा घालून त्याचे रणगाडे जर्मनांना अपेक्षा नव्हती तिथून निघाले, २९ जूनला बोब्रुइस्क सुटले आणि त्याच दिवशी तो मार्शल झाला.

त्याच रोकोसोव्स्कीचे नोव्हेंबर १९४१ मध्ये मात्र काही चालले नव्हते. मॉस्कोजवळच्या इस्त्रा जलाशयामागे वेळीच सरकून बचाव नीट बांधावा ही त्याची मागणी त्याचा वरिष्ठ झुकोव याने फेटाळली. रोकोसोव्स्कीने थेट सेनाप्रमुखांकडून परवानगी मिळवली, तेव्हा आघाडीचा प्रमुख मी आहे असे बजावून झुकोवने तीही रद्द केली. जर्मनांनी फळी फोडली आणि अखेर मागे यावे लागलेच, फक्त माणसे जास्त मेली. स्वतः झुकोवने जुलै १९४१ मध्ये कीव्ह सोडून देण्याचा सल्ला दिल्यामुळे सेनाप्रमुखपद गमावले होते, असे तो आपल्या आठवणींत लिहितो. वरच्याला खरे सांगणारा माणूस खालच्याचे खरे ऐकतोच असे नाही; हे केवळ रशियात घडते असेही नाही.

प्रश्न : सोव्हिएत महिला प्रत्यक्ष लढल्या का? — एक वाचक, बेळगाव कॅम्प

उत्तर : हो. येवदोकिया बेर्शान्स्काया हिच्या नेतृत्वाखालील रात्रीच्या बॉम्बफेकी रेजिमेंटमध्ये वैमानिकांपासून यंत्र दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत सर्व स्त्रिया होत्या. त्यांची पो-२ विमाने लाकूड आणि कापडाची होती, आणि बराच काळ त्या पॅराशूटशिवाय उडत, कारण तेवढ्या वजनाचा दारूगोळा नेता येई.

प्रश्न : कैद झालेल्या सोव्हिएत सैनिकांना देशद्रोही ठरवत, हे खरे का? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ऑगस्ट १९४१ चा २७० क्रमांकाचा हुकूम तसाच होता, शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना अटक करण्याची तरतूदही त्यात होती. सीमेवरच्या ब्रेस्ट किल्ल्यातील मेजर गाव्रिलोव, जर्मनांनी हल्ला केला त्या २२ जून १९४१ च्या पहाटेपासून लढला आणि २३ जुलैला, सर्वत्र सामसूम झाल्यानंतर, जखमी व बेशुद्ध अवस्थेत पकडला गेला. सुटकेनंतर त्याला हुद्दा परत मिळाला, पक्षाचे सभासदत्व मात्र गेले, आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्याच्या लढाईविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. १९५७ मध्ये त्याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब देण्यात आला. १९७९ मध्ये तो क्रास्नोदारला वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला ब्रेस्टला नेऊन, त्याचे शिपाई जिथे पुरले होते त्याच गावात, पुरण्यात आले.