टाक्यापासून ऐंशी पावलं : गडावरच्या मुक्कामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सहा जण पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम करणार आहोत. शौचासाठी खड्डा खणून बुजवावा असं वाचलं. गडावर तशी जागा मिळते का? (ठाणे)

उत्तर : हा गड अभयारण्यात येतो. त्यामुळे आधी वनविभागाकडे मुक्कामाची परवानगी विचारून घ्या. ती नसेल तर पाचनईत राहून पहाटे चढायला लागा. खरं तर सहा जणांसाठी आम्ही हेच आधी सुचवू, कारण गावात शौचालय आहे आणि गडावर पुरेशी माती नाही.

सगळी अडचण या मातीची आहे. खड्डा वीतभर खोल लागतो, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. मैला कुजवणारे जीव मातीच्या वरच्या थरातच असतात. त्याहून खोल खणलं तर कुजणं मंदावतं आणि उथळ ठेवलं तर जनावरं उकरतात. गडमाथ्यावर मात्र बऱ्याच जागी चार बोटं मातीखाली थेट कातळ लागतो. मग लोक दगडाआड बसतात आणि वर दुसरा दगड ठेवून मोकळे होतात. तिथे काहीच कुजत नाही. सहा महिने वाळत पडतं आणि पहिल्या वळवात वाहून टाक्याकडे, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदाकडे जातं.

फावडं नको, खुरपं पुरे. माथ्यावर न बसता उताराच्या झाडीत, पाचोळा साचलेल्या जागी या. पाणी, पायवाट आणि कोरडा ओहोळ या तिन्हींपासून ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं लांब. डिसेंबरातला ओहोळ कोरडा दिसतो म्हणून फसू नका, पावसाचं पाणी तिथूनच जातं. खुरपं मुठीपर्यंत मातीत गेलं तर जागा योग्य. प्रत्येकाचा खड्डा वेगळा हवा. सहा जणांचं एकाच जागी पडलं तर गोळा तसाच राहतो. धुवायला बाटलीभर पाणी पुरतं, तेही त्याच खड्ड्यात जाऊ द्या. मग काढलेली माती परत लोटा आणि वर पाचोळा पसरा.

खुरपं जातच नसेल तर मैला सोबत खाली आणायचा. वर्तमानपत्रावर बसा, मूठभर लाकडाचा भुसा टाका, दुहेरी पिशवीत बांधा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खाली आल्यावर मैला शौचालयात आणि पिशवी कचऱ्यात. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण भुसा पुरेसा असेल तर वास येत नाही. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड कुठल्याही परिस्थितीत पुरू नका. त्यांत प्लॅस्टिक असतं. कागदात गुंडाळून परत आणा.

प्रश्न : साबणाऐवजी रिठा वापरला तर टाक्यावर भांडी घासायला हरकत नाही ना? रिठा तर नैसर्गिक आहे. (नाशिक)

उत्तर : हरकत आहे. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांना मारक असतं. ‘नैसर्गिक’ म्हणजे पाण्याला निरुपद्रवी, असं नव्हे. शिवाय टाकं म्हणजे वाहती नदी नाही. कातळात खोदलेल्या त्या हौदात पडलेलं तेल, फेस, शितं पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात, आणि तेच पाणी तुमच्या मागून येणारे पितात.

स्वच्छ भांड्याने पाणी काढा आणि ऐंशी पावलं लांब जा. तेलकट ताटं आधी वर्तमानपत्राने कोरडी पुसा. निम्मं काम तिथेच होतं. खिचडीच्या पातेल्यात गरम पाणी घालून उलथन्याने खरवडा. ते पाणी फडक्यातून गाळून मातीवर लांबवर शिंपडा. गाळलेली शितं कचऱ्याच्या पिशवीत टाका. मुळात उरणार नाही इतकंच शिजवा : माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि ३५ ग्रॅम मूगडाळ पुरते.

प्रश्न : वाळक्या काटक्यांची छोटी शेकोटी चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : अभयारण्यात नाहीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला तिथे मनाई आहे. बाहेरही टाळा, कारण डिसेंबरपासून गवत वाळलेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते.

‘वाळक्या’ म्हणून तोडल्या जाणाऱ्या काटक्या बऱ्याचदा कारवीच्या असतात. पाऊस सरला की कारवीची नुसती करडी, मेल्यासारखी काडी उरते. पण ती मेलेली नसते, पावसात पुन्हा पालवते. अशी सात वर्षं काढून आठव्या वर्षी ती फुलते, बी धरते आणि मगच मरते. पाचव्या वर्षी तोडलेल्या काडीला फूल कधी येतच नाही.

स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो, पण वाऱ्यात खर्च दुपटीवर जातो. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा आणि झाकण ठेवून शिजवा. सहा जणांचं एक जेवण आणि दोन वेळचा चहा यासाठी २३० ग्रॅमचे दोन डबे असू द्या. स्टोव्हभोवती पत्र्याचा पूर्ण वेढा घालू नका, उष्णता कोंडून डबा फुटू शकतो. वारा येतो त्या एकाच बाजूला आडोसा करा. आणि रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा डबा सोबत नेता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

प्रश्न : सप्टेंबरात फुलांच्या सड्यावर तंबू ठोकायचा आहे. काय काळजी घ्यावी? (सातारा)

उत्तर : ठोकू नका. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, माती जेमतेम बोटभर असते आणि त्या ओल्या थरावरच सीतेची आसवं, तेरडा, गेंद उगवतात. तंबूखाली दबलेल्या फुलांना बी धरायला वेळच मिळत नाही. गावात राहा, सडा पायवाटेवरून बघा.

हिवाळ्यात गडावर परवानगी असेल तर उघड्या कातळावर किंवा आधीच चोपलेल्या जागी तंबू लावा. खुंट्या न ठोकता उभा राहणारा तंबू घ्या, दोऱ्या दगडांना बांधा. दगड उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली विंचू असला तर तो तुमच्यापासून लांब पळतो. निघताना दगड होता तिथे, होता तसाच ठेवा. तंबूभोवती चर मात्र खणू नका, पुढच्या पावसात तोच चर माती घेऊन जातो.

प्रश्न : संत्र्या-केळ्यांच्या साली कुजतात, मग त्या टाकल्या तर काय बिघडतं? (पुणे)

उत्तर : हिवाळ्यातल्या कोरड्या कातळावर त्या कुजत नाहीत, वाळून महिनोन्‌महिने पडून राहतात. त्याआधी माकडांना सापडल्या तर माणसाजवळ खायला मिळतं हे ती शिकतात आणि पुढच्या खेपेला थेट पिशवीवर झडप घालतात. फळं घरूनच सोलून, फोडी करून डब्यात न्या.