वाचकांचे प्रश्न : शिलाहार आणि धर्मशास्त्र

प्रश्न : ठाण्याचे शिलाहार राजे देवळे बांधणारे म्हणून ठाऊक आहेत. विद्येच्या परंपरेत त्यांचे काही स्थान आहे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आहे, आणि ते फार मोठे आहे. श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, ही ज्यांची राजधानी होती, त्या उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील पहिला अपरादित्य बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता. याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरील 'अपरार्क' ही टीका, म्हणजे विवरणग्रंथ, त्याच्या नावावर आहे. त्याच स्मृतीवरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका थोडी आधीची आणि आटोपशीर. अपरार्क तिच्याहून बराच विस्तृत असून पुराणांतील उतारे मुक्तहस्ताने देतो. प्रत्यक्ष लेखनात दरबारातील पंडितांचा हात असणे अगदी शक्य आहे, परंतु त्यामुळे राजाचे श्रेय उणावत नाही, असे मला मनापासून वाटते.

या टीकेला दूरच्या काश्मीरमध्ये विशेष मान मिळाला. मंख या काश्मिरी कवीच्या 'श्रीकण्ठचरित' काव्यात तेथील विद्वत्सभेचे वर्णन आहे आणि कोकणच्या अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ हा दूत त्या सभेत बसलेला दिसतो. कदाचित त्याच वाटेने ही टीका तिकडे पोहोचली असावी.

देवळाविषयी एवढेच, की अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हा काळ आणि माम्वाणि या शिलाहार राजाचे नाव आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यातील पिंडीपाशी जावे लागते. तेथे अवश्य जाऊन या.