भोवळ, भूल की फ्लॅट?

अंधेरीत सबटायटलचं काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. एकाच आठवड्यात त्यांना 'स्वून' (swoon: शुद्ध जाऊन पडणं, किंवा कुणावर भाळून जाणं) हा इंग्रजी शब्द तीनदा आडवा आला. एका जुन्या काळावरच्या मालिकेत पत्र वाचता वाचता नायिका स्वून होते. दुसरीकडे गायक मंचावर आल्याआल्या पोरी स्वून होतात. आणि शेअर बाजारावरच्या एका माहितीपटात निवेदक 'जून स्वून' एवढंच म्हणून पुढे निघून जातो. ताई विचारतात, तिन्हीकडे चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का? आणि नसेल, तर स्वून तसाच ठेवला तर काय बिघडलं?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. ठेवू नका. इंग्रजी शब्दांशी माझं काही वाकडं नाही. टेन्शनशिवाय मुंबईकराचं एक वाक्य पुरं होत नाही, माझंही नाही. पण स्वून आपल्या जिभेवर टिकत नाही. स्वर, स्वाद, स्वीकार, स्वेद असं सगळं आपण बिनदिक्कत म्हणतो. 'स्वू' म्हणायला गेलं की मधला व गळतो आणि हातात राहते सून. बरीच वर्षं मुद्रितं तपासण्यात घालवलेला माणूस म्हणून पैजेवर सांगतो, 'जून स्वून' लिहाल तर कुठेतरी 'जून सून' होऊन येईल. भेंडी जून असते, काकडी जून असते. सून जून म्हटल्यावर घरोघरी काय होईल ते तुम्हीच बघा.

आता पहिलं वाक्य. इथे अर्थ सरळ आहे: शुद्ध जाऊन खाली पडणं. शब्दाचं मूळही तेच, जुन्या इंग्रजीत 'बेशुद्ध पडलेला' अशा अर्थाचं एक रूप होतं, त्यातून हा आला. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये त्याचं 'स्वाउंड' हे जुनं रूप सापडतं. तिथे भर चौकात सीझर कोसळतो, आणि कटवाल्यांपैकी एक, कास्का, खवचटपणे सांगतो की गर्दीच्या तोंडाच्या दुर्गंधीने त्याचा जीव गुदमरला. संध्याकाळची विरार फास्ट ज्याने पकडली आहे त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

मराठीत यासाठी शब्दांची वानवा नाही, उलट गर्दी आहे. ऑक्टोबर हीटमध्ये दादरच्या पुलावर एक साठीच्या बाई कठड्याला टेकल्या आणि टेकल्या टेकल्या खाली बसल्या, मग कलंडल्या. दोन मिनिटांत मला अख्खा शब्दकोश ऐकू आला. गजरेवाली म्हणाली, "चक्कर आली बाईंना." कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "आंटीचं बीपी लो झालं वाटतं." कुणीतरी "फिट आहे, कांदा आणा" म्हणून ओरडलं. एक काका नुसतेच "वारा येऊ द्या, वारा" म्हणत स्वतःच वारा अडवून उभे होते. बाईंनी डोळे उघडले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काय नाय गो, जरा घेरी इली."

यातलं फिट सोडून द्या. फिट म्हणजे आकडी, ते दुखणं वेगळं आणि कांदा हुंगवणं तर कशावरच औषध नाही. बीपी लो हा मात्र आजच्या मुंबईचा खरा चालता शब्द आहे, आणि शास्त्राला धरूनही आहे. साध्या मूर्च्छेत हेच होतं: धक्का, भीती, रक्त दिसणं किंवा उकाड्यात फार वेळ उभं राहणं यामुळे नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. माणूस आडवा झाला की डोकं हृदयाच्या पातळीवर येतं, रक्त पुन्हा पोचतं, आणि बहुतेक वेळा मिनिटभरात शुद्ध येते. म्हणजे पडणं हाच अर्धा उपाय. (अशा माणसाला काखेत धरून उभं करणारे परोपकारी लोक प्रत्येक फलाटावर असतात. त्यांना आवरा. पाय जरा वर उचलून ठेवा.) पडून लगेच उठणं, हे लक्षात ठेवा, बाजाराकडे गेल्यावर कामाला येईल.

राहिले घेरी, चक्कर आणि भोवळ. तिन्हींत पडणं नाही, फिरणं आहे. घेरीत घेर आहे, चक्करमध्ये चक्र, आणि भोवळ तर भोवऱ्याचीच सख्खी बहीण. आपल्याला आधी गरगरतं. पडायचं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं, 'भोवळ येऊन पडली' असं. शिवाय इंग्रजी नायिका स्वतः स्वून करते, कर्ती तीच. आपल्याकडे भोवळ येते आणि नायिकेला येते. बिचारीचा त्यात काही हात नसतो. त्यामुळे स्वूनमध्ये जो थोडा नाटकीपणा, थोडा नखरा शिरू शकतो तो भोवळीत शिरत नाही. नखरा हवा असेल तर आपण 'भोवळ आल्याचं सोंग' असं स्पष्ट म्हणतो.

आणि चक्करचा एक धोका आहे. आपल्या पडद्यावर नायिकेला चक्कर आली की पुढच्या दृश्यात डॉक्टर नाडी धरून हसतात आणि घरात पेढे येतात. तुमच्या नायिकेच्या हातात नुसतं पत्र आहे. सबटायटलमध्ये 'चक्कर आली' लिहाल तर मराठी प्रेक्षक पत्र सोडून महिने मोजायला लागेल.

म्हणून जुन्या काळच्या त्या बाईसाठी मूर्च्छा. शब्द जड आहे, लक्ष्मणाला शक्ती लागते तेव्हाचा आहे, पण जडपणाच इथे हवा. त्यात प्रेमाची सोयही आहे. कामसूत्रात प्रेमात पडलेल्याच्या दहा अवस्था दिल्या आहेत, नजर जडण्यापासून सुरुवात. मग झोप उडते, अंग वाळतं, लाज सुटते, वेड लागतं. नववी मूर्च्छा, दहावी मरण. म्हणजे प्रेमाने बेशुद्ध पडणं हे काही साहेबाकडून आलेलं नाही.

दुसरं वाक्य मला सगळ्यात आवडलं. पोरी गायकाला बघून स्वून होतात हा प्रकार अमेरिकेत गाजला तो फ्रँक सिनात्राच्या वेळी, १९४०च्या दशकात. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात त्याचे कार्यक्रम असत आणि शाळकरी मुलींची झुंबड उडे. त्याला 'स्वूनात्रा' असं नावच पडलं. त्याचा प्रसिद्धीप्रमुख जॉर्ज इव्हान्स याने काही मुलींना किंचाळायला आधीच शिकवून बसवलं होतं, पण पुढे न शिकवलेल्या हजारो आल्या. म्हणजे या स्वूनमध्ये खरी मूर्च्छा थोडी आणि हौस फार. इथे 'मुली मूर्च्छित पडल्या' लिहिलंत तर रुग्णवाहिका बोलवावी लागेल.

आपल्याकडे वेड कमी नव्हतं. बालगंधर्वांना बघून प्रेक्षक खुर्चीवरून कोसळले नाहीत. ते डोलले आणि वन्समोअर मागत राहिले. राजेश खन्नाच्या गाडीवर मुलींच्या लिपस्टिकचे ठसे उमटत, ही मुंबईची लाडकी गोष्ट. या साऱ्याला मराठीत घायाळ, फिदा, लट्टू, बेभान असे शब्द आहेत. त्यातल्या लट्टूकडे जरा थांबून बघा. लट्टू म्हणजे भोवरा. ज्याला गरगरतं त्याला भोवळ येते, आणि जो प्रेमात पडतो तो लट्टू होतो. इंग्रजीने शुद्ध जाणं आणि प्रेम एकाच शब्दात कोंबलं ते पडण्याच्या जोरावर. आपण दोन्ही गोष्टी एकाच भोवऱ्यावर फिरवल्या.

याहून जवळचा शब्द मात्र मला इस्पितळात सापडला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर काय देतात? भूल. भूलतज्ज्ञ म्हणजे शुद्ध घालवणारा माणूस. आणि रूपाला माणूस काय होतो? भुलतो. एकाच भूलमध्ये टेबलावरचा पेशंटही आहे आणि कार्टर रोडवर राजेश खन्नाच्या बंगल्याबाहेर ताटकळणारी मुलगीही. संस्कृतातल्या मोहाचंही असंच होतं. तिथे मोह म्हणजे भुरळ आणि मोह म्हणजे शुद्ध हरपणंही. मराठीत मोहाची शुद्ध परत आली, भुलीची आली नाही. अडचण एवढीच, की 'तिला भूल आली' असं कुणी म्हणत नाही. भूल दिली जाते किंवा पडते. तेव्हा पहिल्या वाक्यात ती चालणार नाही; दुसऱ्यात 'पोरींना भूल पडली' चालेल, पण गोड आणि जरा जुनं वाटेल.

कार्यक्रम आजचा असेल तर पोरींच्या तोंडी मी एकच शब्द घालीन: फ्लॅट. "त्याने केस मागे घेतले ना, मी फ्लॅट!" ट्रेनमध्ये, कट्ट्यावर, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मुली हेच म्हणतात, आणि म्हणताना हात उलटा कपाळावर नेतात. 'मी आडवीच झाले' हे त्याचं जरा मोठ्या वयातलं रूप. पडणं आलं, प्रेम आलं, नखरा आला, आणि कर्ती ती स्वतःच. स्वूनला याहून नेमका मराठी जोडीदार मला माहीत नाही. शब्द इंग्रजी आहे म्हणता? या अर्थाने तो आता आपला झालाय. मुंबईत फ्लॅट मिळत नाही, लोक फ्लॅट होऊन घेतात.

मात्र हाच फ्लॅट तिसऱ्या वाक्यात नेलात तर घात होईल. दलाल स्ट्रीटवर 'बाजार फ्लॅट' म्हणजे भाव जागच्या जागी, ना वर ना खाली. बरोबर उलटा अर्थ.

'जून स्वून' हे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या बातम्यांतलं यमक आहे. हंगामाची सुरुवात झोकात करणारा संघ जूनमध्ये हरायला लागला की तिथले पत्रकार असं म्हणत, मग ते बाजारालाही चिकटलं. मराठी वर्तमानपत्रांकडे बाजारासाठी क्रियापदांचा मोठा साठा आहे: कोसळला, गडगडला, आपटला, लोळला. पण यातला एकही उठत नाही. स्वूनमध्ये उठणं गृहीत आहे, दादरच्या पुलावर बघितलं तसं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक उतरला. तो कोसळलाच, त्याला स्वून म्हणणं ही थट्टा झाली असती. उलट २०२४चा जून घ्या. ४ तारखेला लोकसभेचे निकाल लागत असताना सेन्सेक्स ४,३९० अंकांनी खाली येऊन ७२,०७९ वर बंद झाला आणि ७ तारखेला तो ७६,६९३ वर होता, निकालाच्या आदल्या दिवशीपेक्षाही वर. घसरणीचे अंक २०२०पेक्षाही मोठे, पण पडला, पाय वर झाले, पाणी मारलं, उठला.

यासाठी मी 'गटांगळी' घेईन. गटांगळी खाणारा पाण्याखाली जातो, नाकातोंडात पाणी जातं, पण डोकं पुन्हा वर येतं. नाही आलं तर त्याला आपण बुडणं म्हणतो. 'जूनमधली गटांगळी' यात यमक नाही, पण मुंबईचा जून असल्यामुळे पाणी आपोआप आलं. मथळाच करायचा असेल आणि जरा गंमत चालणार असेल, तर 'बाजाराला घेरी' लिहा. माहितीपटाचा निवेदक गंभीर आवाजाचा असेल तर नको.

आता ताई, एक मलाच विचारायचं आहे. पहिल्या नायिकेच्या पत्रात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुणी गेल्याची खबर असेल तर 'तिला मूर्च्छा आली' कायम ठेवा. पत्र प्रियकराचं असेल, आणि पडताना तिने ते मुठीत घट्ट धरलं असेल, तर पुन्हा एकदा दृश्य बघा. ती खरंच बेशुद्ध आहे का? पापणी हलत असेल तर 'शुद्ध हरपली' लिहा. ती खरीही हरपते आणि नुसती म्हणायलाही.