अमेरिकेतल्या छोट्या गावात ख्रिस्ती रेडिओ केंद्र चालतं, मग मुंबईत एकही का नाही?

तुमचा प्रश्न असा की, बहीण अमेरिकेत ज्या छोट्या गावात राहते तिथे चर्चचं स्वतःचं एफएम आहे. मग वांद्रे-वसईत एवढी ख्रिस्ती वस्ती असून इथे का नाही?

कारण परवाना. पैशाचा किंवा माणसांचा प्रश्नच नाही.

तिकडे चर्च रेडिओवर अगदी सुरुवातीपासून आहे. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ जानेवारी १९२१ ला कॅल्व्हरी चर्चमधली उपासना थेट ऐकवली. पुढे १९४५ मध्ये एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा ना-नफा, शैक्षणिक केंद्रांसाठी राखला गेला आणि तिथे बरीच ख्रिस्ती केंद्रं शिरली. २००० पासून तर १०० वॅटचे परवाने मिळू लागले. ताकद जुन्या पिवळ्या बल्बाएवढी, पोहोच साडेपाच-सहा किलोमीटर, म्हणजे दादर ते खार. छोट्या गावाला बास झालं की!

आपल्याकडे गंमत अशी की २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झालेलं केंद्र खासगी कंपनीचंच होतं. कंपनी १९३० मध्ये बुडाली, रेडिओ सरकारकडे गेला आणि कित्येक दशकं तिथेच राहिला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं म्हटलं, नंतर खासगी एफएम आलं. पण परवान्याच्या अटींत धार्मिक संस्था अपात्र. मंदिर, मशीद, चर्च, सगळ्यांना एकच नियम. मला तो चुकीचाही वाटत नाही. मुंबईत फ्रिक्वेन्सी मोजक्याच, त्या वाटायला बसलं तर भांडणं ठरलेली.

मग इथल्या लोकांनी ऐकलं काय? समुद्रापलीकडचं. फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचं केंद्र १९७० ते २००३ शॉर्टवेव्हवर, म्हणजे फार दूरवर पोहोचणाऱ्या लहरींवर, चालू होतं. भारतीय भाषांतले कार्यक्रम भारतातच रेकॉर्ड व्हायचे, टेपा तिकडे जायच्या आणि तोच आवाज हिंदी महासागर ओलांडून परत यायचा. अँटेनाचे मनोरे जमिनीवर नव्हे, किनाऱ्याजवळच्या प्रवाळखडकावर, चक्क समुद्रात उभे होते. खाऱ्या पाण्यामुळे लहरी लांब जायला मदत होते. आमच्याकडे ट्रान्झिस्टरला तांब्याची तार जोडून ती खिडकीच्या गजातून बाहेर सोडलेली असायची. तरी गाण्याचं अर्धं कडवं खरखरीतच जायचं. रात्री श्रीलंकेच्या पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ हे दुसरं ख्रिस्ती केंद्र ८८२ किलोहर्ट्झवर बरं लागायचं; तिथला ट्रान्समीटर ४०० किलोवॅटचा.

अमेरिकेतलं चित्रही फार गोजिरं समजू नका. के-लव्ह हे ख्रिस्ती गाण्यांचं रेडिओ १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाचं एकुलतं केंद्र म्हणून सुरू झालं. आज ते देशभरचं जाळं आहे आणि अडचणीतली छोटी केंद्रं विकत घेतं. मग गावात मनोरा उरतो, निवेदक भलत्याच शहरात बसलेला असतो.

इथे कुणाला आज सुरू करायचंच असेल तर इंटरनेट आहे. आमच्या पॅरिशची, म्हणजे इथल्या चर्चची, रविवारची मिस्सा (उपासना) यूट्यूबवर थेट लागते, तिला रेडिओचा परवाना लागत नाही.