बॉन्डिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा रेझिनचा थर) करूनही फिलिंगनंतर दाताला कळ का येते? बॉन्ड डेन्टिनच्या (दाताच्या वरच्या कवचाखालच्या थराच्या) बारीक नळ्या बंद करत नाही का?

करतो, पण पूर्ण नाही. ड्रिलिंगनंतर डेन्टिनवर 1–2 मायक्रॉनचा स्मिअर लेयर (ड्रिलिंगच्या चुऱ्याचा थर) राहतो आणि नळ्यांची तोंडं बऱ्यापैकी बुजवतो. 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावलं की तो निघून जातो, तोंडं रुंदावतात. नळ्यांतला द्रव हलला की कळ येते, आणि हा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या दुप्पट, तर प्रवाह सोळापट. शिवाय पल्पकडे (दाताच्या आतल्या नसेकडे) नळ्या जास्त दाट आणि रुंद असतात, म्हणून खोल कॅव्हिटीत त्रास जास्त.

डेन्टिनवर ॲसिड 15 सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. एनॅमलला (वरच्या कवचाला) थोडं जास्त चालतं, म्हणून सुरुवात तिथून करा. धुतल्यावर हवेने कोरडं ठक्क केलं की ॲसिडने उघडी पडलेली कोलॅजनची (डेन्टिनमधल्या प्रथिनाची) जाळी खाली बसते, रेझिन आत शिरत नाही आणि नळ्या उघड्याच राहतात. ओलसर चमक हवी, डबकं नको. बॉन्ड चोळून लावा, सॉल्व्हंट उडेपर्यंत हलकी हवा द्या, मगच लाइट क्युअर (प्रकाशाने घट्ट करणं).

एका बाटलीतले सेल्फ-एच (self-etch, म्हणजे वेगळं ॲसिड न लावता वापरायचे) बॉन्ड सोयीचे खरे, पण पाणीप्रेमी असल्याने क्युअर झाल्यावरही अर्धपारगम्य पडद्यासारखे वागतात. खालून पाणी झिरपतं. वर जलविरोधी रेझिनचा वेगळा थर दिला की हे बरंच कमी होतं. खोल कॅव्हिटीत दोन टप्प्यांचं सेल्फ-एच बरं: नळ्यांच्या तोंडातले स्मिअरचे प्लग (बुच) बहुतांशी जागेवर राहतात.

ग्लुटरअल्डिहाइड-हेमा (HEMA) डिसेन्सिटायझर, म्हणजे कळ कमी करणारं द्रावण, नळीतल्या द्रवातली प्रथिनं साकळवून प्रवाह रोखतो. मात्र तो हिरडीला लागू देऊ नका, भाजतं.